साध्या पाण्यातली तिसरी

मामांना बहीण नव्हती, त्यामुळे भाची असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी प्रयोगशाळेत लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. तळमजल्यावरच्या थंड खोलीत काचेच्या मोठाल्या बरण्या होत्या. त्यांत हजारो पिसवा पोहत. त्या सगळ्या मामांनी वाढवलेल्या. पाण्यातल्या पिसवा, अंगावरच्या नव्हेत. पुस्तकात त्यांना डॅफ्निया म्हणतात. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढ्या, आरपार दिसणाऱ्या. सूक्ष्मदर्शकाखाली पोटातलं हिरवं खाणं दिसतं, पाठीतली अंडी दिसतात, हृदय उडताना दिसतं. सगळ्या माद्याच. पाणी चांगलं असलं की नराची गरजच पडत नाही, मादीच मादीला जन्म देत राहते.

"सुखी आहेत मेल्या," काचा धुणाऱ्या मावशी म्हणत. "नवऱ्याची कटकट नाही."

त्या मोठ्या बरण्यांना 'माहेर' हे नाव मावशींनीच ठेवलं. कंपन्या नवं रसायन आणून देत. ते पाण्यात गेलं तर काय होईल, हे तपासायला माहेरच्या बरणीतून नवी जन्मलेली पिल्लं काढायची आणि एकेका बीकरमध्ये एकेक सोडायची. ते 'सासर'. कुठल्या बीकरमध्ये रसायन जास्त, कुठल्यात कमी. दहा बीकरमध्ये नुसतं स्वच्छ पाणी. तिथे गेलेल्यांना मावशी म्हणत, "ह्या चांगल्या घरी पडल्या."

एखादं विष लगेच मारतं का, हे दोन दिवसांत कळतं. मामांचं काम त्याच्या पुढचं होतं. जे मारत नाही ते हळूहळू काय करतं, ते बघायचं. त्यासाठी तीन आठवडे लागतात. रोज खाणं घालायचं, ठरल्या दिवशी पाणी बदलायचं, आईला पिल्लं झाली की मोजून बाजूला काढायची. थोड्या रसायनाच्या पाण्यात आया सहसा मरत नाहीत. पोहतात, खातात, दिसायला धडधाकट असतात. फक्त जिथे वीस पिल्लं व्हायची तिथे अकरा होतात. मग सात. नुसतं बघून काही कळत नाही. मोजावंच लागतं.

आणि एक नियम असतो. स्वच्छ पाण्यातल्या दहा आयांपैकी दोन मेल्या तर चालतं. तिसरी मेली की सगळी चाचणी रद्द. बरोबरच आहे. चांगल्या घरातच माणसं मरायला लागली, तर वाईट घराला दोष कुठल्या तोंडाने द्यायचा?

मामा या कामात आले ते उलट्या वाटेने. तरुणपणी ते शोभेच्या माशांच्या दुकानात नोकरी करत. तिथे पिसवा वाढवायच्या त्या माशांना खायला घालायला. प्रयोगशाळेचे तेव्हाचे प्रमुख एकदा पिसवा विकत घ्यायला आले. पुन्हा आले. तिसऱ्यांदा त्यांनी पिसवांबरोबर मामांनाही नेलं.

"आधी पोरी कापायला वाढवत होतात, आता नांदवायला," मामी म्हणाल्या होत्या. मामी म्हणजे मामांची बायको. बोलण्यात त्या कोणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. मामांना साबणाचा वास चालत नसे, हाताला क्रीम चालत नसे, डास चावले तरी अंगाला मलम लावता येत नसे. बोटावरून थेंबभर काही पाण्यात उतरलं तरी पिसवांना पुरतं. मामींनी हळूहळू पावडर सोडली, अत्तर सोडलं. "लग्नाच्या दिवशी अत्तर लावलं होतं तेवढंच," त्या पाहुण्यांना सांगत. "तेव्हापासून आमच्या घराला कसलाच वास नाही." त्यांना मूल झालं नाही. त्यावरही त्या बोलून मोकळ्या होत. "आपल्याला एक झालं नाही, आणि हे रोज शंभर-शंभर मोजून येतात."

मामा हसत. त्यांना उत्तर सुचेपर्यंत मामी दुसऱ्या विषयावर गेलेल्या असत.

या वर्षी एका रंगाच्या कंपनीचं रसायन आलं. भिंतीवर बुरशी येऊ नये म्हणून रंगात घालायचं. चाचणी लागली आणि चार दिवसांत स्वच्छ पाण्यातली एक पिसू मेली. होतं असं कधीकधी. मामांनी फारसं मनावर घेतलं नाही. त्याच आठवड्यात मामींना छातीच्या दुखण्याने दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यांचा धाकटा भाऊ शाळेची बस चालवायचा. त्याने रजा टाकली आणि तो बहिणीजवळ बसू लागला. मामा सकाळी काम उरकून दुपारी त्याला सोडवायला जात.

त्या दिवशी रविवार होता. पाणी बदलायचा दिवस. मॅडम, म्हणजे हल्लीच्या प्रमुख, परगावी गेल्या होत्या. हे काम येणारी दुसरी एकच मुलगी होती, आणि पिसवांची बाळंतपणं मोजता मोजता ती स्वतःच बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. यावर सगळ्यांचं पोटभर हसून झालं होतं. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी उतार आहे असं सांगितलं होतं. त्या सकाळी मामी उशीला टेकून बसल्या होत्या.

"जा," त्या म्हणाल्या. "तुमच्या भाच्या ताटकळल्या असतील."

मामा गेले. पाणी बदलताना प्रत्येक आईला रुंद तोंडाच्या काचनळीत अलगद ओढून घ्यायचं आणि नव्या पाण्यात सोडायचं. नळीचं टोक पाण्याखाली बुडवून सोडायचं. वरून सोडली तर कवचात हवा शिरते, मग ती वर तरंगते, तिला बुडता येत नाही, खाता येत नाही. मामा स्वच्छ पाण्याच्या ओळीत होते. नळीत एक पिसू होती. तेव्हा टेबलावरचा फोन वाजला. मामांनी करंगळीने तो चालू केला.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला. "ताई डोळे उघडत नाहीये."

"हलवून पाहा," मामा म्हणाले. "आणि पंधरा सेकंद थांब."

 पलीकडून फोन बंद झाला.

पिसू जिवंत आहे की मेली, हे ठरवायची ती रीत आहे. बीकर हळूच हलवायचं आणि पंधरा सेकंद थांबायचं. हलली तर जिवंत. नाही हलली तर मृत लिहायचं. मामांनी आयुष्यभर हेच केलं होतं. नव्या मुलांना हेच शिकवलं होतं, याच शब्दांत. ते शब्द तोंडातून बाहेर आले. आपण काय बोललो हे त्यांना पुढची पिसू नळीत घेताना कळलं.

त्यांनी ओळ पुरी केली. मग बाकीच्या ओळी.  एकही पिसू वरून पडली नाही. त्यांनी दिवे तपासले, दार लावलं आणि टॅक्सी केली. दवाखान्यात पोचले तेव्हा पलंगाभोवतीचा पडदा ओढलेला होता आणि मेहुणा बाहेर भिंतीला टेकून उभा होता. त्याने मामांकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी लोक आले, बसले, गेले. मामा खुर्चीवर बसून होते. कोणीतरी हातात कप दिला की पीत होते, काढून घेतला की देत होते. मेहुणा दाराशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "माझी बहीण चालली होती, आणि हे फोनवर म्हणतात, हलवून पाहा. किडा आहे का ती?"

मामांनी उलट उत्तर दिलं नाही. ते एवढंच म्हणत, "चाचणी मध्येच सोडता येत नाही." पहिल्यांदा ते शेजाऱ्याला म्हणाले. शेजारी म्हणाला, "कामच तसं असेल." मग ते सगळ्यांनाच तसं म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणता म्हणता ते वाक्य पायाखालच्या फरशीसारखं झालं. त्यावर उभं राहता येत होतं.

दोन दिवसांनी ते कामावर आले. मॅडम जिन्यात आडव्या आल्या.

"मामा, अहो, घरी जा. मी मोजते."

"तुम्हाला मीटिंगा आहेत."

"मीटिंगा गेल्या खड्ड्यात."

"घरी जाऊन काय करू?" मामा म्हणाले. त्यांनी खरंच विचारलं होतं. मॅडम जिन्यातून बाजूला झाल्या.

काम चालू राहिलं. मामांना आत काही होत नव्हतं. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, आलं नाही. बसची वाट बघताना बस निघून जाई आणि ते तिथेच असत. घरी दोन कप खाली काढत, एक परत ठेवत. त्यांना त्याचंही विशेष काही वाटत नसे. हात एकेक काम करत होते आणि ते हातांमागून चालले होते.

मग स्वच्छ पाण्यातली दुसरी मेली.

त्या सकाळी पहिल्यांदा त्यांना काहीतरी वाटलं. ती भीती होती. अजून एक मेली की चाचणी रद्द. चाचणी रद्द म्हणजे तो रविवार रद्द. त्या दिवशी बदललेलं पाणी, पुरी केलेली ओळ, लावलेलं दार, सगळं कचऱ्यात. आजवर त्या दिवसाला निदान कारण होतं. मामांना ते कारण हवं होतं. दुसरं काही नको होतं.

त्यानंतर ते स्वच्छ पाण्यातल्या आठजणींपाशी जास्त वेळ बसू लागले. खाणं मोजूनच घालत, जास्त नाही. नियमाबाहेर त्यांनी काहीच केलं नाही. फक्त बसत.

"नजर लागेल हं," मावशी फडकं पिळत म्हणाल्या. "इतकं टक लावून मी माझ्या नातवालाही बघत नाही."

"यांना काही होता कामा नये, मावशी."

"काय होतंय? चांगल्या घरी पडल्यात." मग त्या जरा थांबल्या. "तुम्ही जेवता की नाही?"

"जेवतो."

"काय जेवता?"

मामांना आठवेना. मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं आणि त्या पुढच्या काचा धुवायला गेल्या.

चाचणी संपायला दोन दिवस उरले होते. सकाळी मामांनी दिवा लावून ओळ पाहिली. सातजणी पोहत होत्या. आठवी तळाशी कुशीवर पडली होती.

त्यांनी बीकर हळूच हलवलं. पाणी फिरलं, तीही पाण्याबरोबर फिरली आणि परत तळाशी टेकली. ते थांबले. मनातल्या मनात पंधरापर्यंत मोजलं. ती हलली नाही.

मग त्यांनी तिला सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. हृदय उडत होतं. मंद, पण उडत होतं. पाठीतल्या पोकळीत पिल्लं भरली होती. त्यांचे डोळे काळे झाले होते, म्हणजे आज-उद्या बाहेर पडायची. नियमाला हृदयाशी देणंघेणं नाही. हातपाय हलले पाहिजेत. हृदय उडत असलेल्या कित्येक पिसवा मामांनी मृत लिहिल्या होत्या.

मॅडम आल्या तेव्हा ते तसेच बसले होते.

"काय झालं?" आणि मग बीकर पाहून, "अरे देवा. तिसरी?"

"अजून लिहिलेलं नाही."

मॅडमनी पर्स खाली ठेवली. "सरका जरा, मी बघते." त्या वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मॅडम या कामात मुरलेल्या होत्या. काय बघतोय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

"हललं काहीतरी," त्या म्हणाल्या.

"हृदय असेल."

"नाही, खाली. शेपटाकडे."

"किती वेळाने?"

मॅडमनी डोळा भिंगावरून काढला नाही. "मोजायचं राहिलं माझ्याकडून."

खोलीत हवा ढकलणाऱ्या पंपाचा आवाज येत होता. मामांना कळलं की मॅडम काय देताहेत. आजवर त्यांनी असं कधी कोणाला दिलं नव्हतं. पुन्हा कधी देणारही नव्हत्या. एक शब्द लिहायचा. उरलेले दोन दिवस सरले असते. रंगाच्या कंपनीला काय, कोणालाच काही कळलं नसतं. त्या रसायनाने पिल्लं कमी होतात, हे तर दिसतच होतं. खोटं असं त्यात फारसं काही नव्हतं.

आणि मामांना ते हवं होतं. "हो," म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. "हो, हलली असेल."

"मग लिहा," मॅडम हळूच म्हणाल्या.

मामांनी खाली पाहिलं. कागदावर त्या बीकरच्या पुढे 'मृत' असं लिहिलेलं होतं. शाई ओली होती. पेन त्यांच्याच हातात होतं. बोलता बोलता हाताने लिहून टाकलं होतं.

मॅडमनीही ते पाहिलं. खोडता आलं असतं. पण खोडलं की शेजारी सही करावी लागते, कारण लिहावं लागतं. दोघंही काही वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले.

"तुमचा हात म्हणजे ना, मामा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पर्स उचलली.

यात मामांचा मोठेपणा नव्हता. कोणी तसं म्हटलं असतं तर त्यांना कळलंही नसतं. त्या रविवारी ज्या हाताने ओळ पुरी केली, त्याच हाताने हे लिहिलं. तो हात त्यांना तेव्हाही विचारत नव्हता, आताही विचारत नव्हता.

मॅडम कंपनीला फोन करायला वर गेल्या. जाताना म्हणाल्या, "नवी लावावी लागेल. माहेरात पिल्लं आहेत का पुरेशी?"

"आहेत."

"ही तुम्ही लावू नका. मी लावीन. तुम्ही रजा घ्या, आणि या खेपेला मी विचारत नाहीये."

मावशी बीकर गोळा करायला आल्या. रद्द झालेली चाचणी ओतून टाकतात. स्वच्छ पाण्यातल्या सातजणी अजून पोहत होत्या.

"ह्यांना तरी माहेरी सोडू का?" मावशींनी विचारलं.

"नाही. एकदा बाहेर काढलेली परत माहेरी घेत नाहीत. रीत आहे."

"कसली मेली रीत," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी मामांना बेसिनकडे पाठ करून बसवलं आणि मग ओतलं.

दुपारी मामा घरी आले. इतक्या लवकर ते सहसा घरी येत नसत. पायरीवर मेहुणा बसला होता. शेजारी एक पिशवी होती. दवाखान्यातून आणलेलं मामींचं सामान त्याच्याकडेच राहिलं होतं. शाल, चष्मा, थर्मास.

"हे द्यायला आलो," तो उठत म्हणाला. "दाराला अडकवून जाणार होतो."

"आत ये."

"नको."

मामांनी कुलूप काढलं आणि दार उघडं ठेवून ते आत गेले. जरा वेळाने मेहुणाही आत आला, पण बसला नाही. पिशवी त्याने खुर्चीवर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, त्याने बरंच काही साठवून ठेवलं होतं.

"आज लवकर आलात. आज नाही का पोरी तिकडे?"

"चाचणी रद्द झाली," मामा म्हणाले.

"कुठली?"

"तीच. रविवारची."

मेहुण्याने त्यांच्याकडे पाहिलं. दवाखान्याच्या त्या भिंतीपासून आजवर पहिल्यांदाच. "रद्द म्हणजे?"

"म्हणजे धरली जात नाही. ओतून टाकली. परत पहिल्यापासून लावणार."

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही ते सोडून आला असतात..."

"हो."

"तरी चाललं असतं?"

"हो," मामा म्हणाले. "चाललं असतं."

मेहुणा उभाच राहिला. आज तरी भांडायचंच, असं तो ठरवून आला असावा. पण भांडायला समोर काही उरलं नव्हतं. मामांनी स्वतःच ते काढून जमिनीवर ठेवलं होतं. त्याने पिशवी उचलून खाली ठेवली आणि खुर्चीत बसला.

"मी तुम्हाला आधीच फोन करणार होतो," तो म्हणाला. "सकाळीच. तिने विचारलं होतं, आले का म्हणून. दोनदा. मी म्हटलं, लावतो फोन. तर म्हणाली, नको रे, मोजत असतील, आकडा चुकेल."

मामा ऐकत होते.

"तेव्हाच लावायला हवा होता मी. तिचं ऐकलं नसतं तर..."  तो रुमाल शोधू लागला. "तिचं ऐकायचं नाही, असं कधी जमलंच नाही कोणाला."

"नाही जमलं," मामा म्हणाले.

त्यांना अजून रडू येत नव्हतं. पण आजवर कोणी त्या दिवसाबद्दल बोलायला लागलं की त्यांच्या तोंडात ते एकच वाक्य यायचं, आणि बोलणं तिथेच संपायचं. आता ते वाक्य नव्हतं. तिथे नुसती मोकळी जागा होती. मामा खुर्ची ओढून मेहुण्याच्या समोर बसले. त्यांच्या लक्षात आलं, त्या दिवशी काय झालं हे आपण विचारलंच नाही. एकदाही नाही.

"मी नव्हतो तिथे," ते म्हणाले. "तू होतास. मला सांग."

"काय सांगू?"

"सगळं. मी गेलो तिथपासून."

मेहुण्याने डोळे पुसले. रुमालाची घडी घातली, परत उलगडली.

"तुम्ही गेलात ना," तो म्हणाला, "तर आधी तिने मला खिडकी उघडायला लावली."